वळणावरचं स्प्रूस

—नाही, आधी कॉफी घे, मग बोल. आणि येताना पाय पुसले नाहीस ना? दारात स्प्रूसच्या फांद्या अंथरल्यात त्या काय शोभेला? असू दे. बस. तर तुझं म्हणणं, वळणावरचं एक झाड राखायला सांगितलं होतं, ते तू राखलंस. दाखव ती फांदी. अरे बाबा, ही पाइनची. बघ—दोन-दोन सुया एका ठिकाणी. स्प्रूसची सुई एकेकटी, चार कडांची, चिमटीत धरली की गोल फिरते. पाइनची फिरते? नाही फिरत. इथली शेंबडी पोरंही सांगतील. आणि तू, लाकूडतोडीच्या ठेकेदाराचा एवढा जाणता माणूस, पाइन राखून स्प्रूस आडवं केलंस.

बुंध्यावर कोरलेली अक्षरं नाही दिसली? खालच्या फांद्या छाटलेल्या? दिसल्या, पण वाटलं झाड वठलंय—वा. आमच्या सावो मुलखात मयत नेताना वाटेत एका झाडाच्या खालच्या फांद्या छाटतात, मेलेल्याचं नाव नि तारीख कोरतात. तो घराकडे परत निघाला तर तिथं आपलं नाव वाचतो, आपण मेलोय हे त्याला कळतं, नि मागं फिरतो. ते माझ्या नवऱ्याचं झाड होतं, तौनोचं. आठ वर्षं मागं फिरतोय बिचारा—बिचारा कसला.

हात कापलाय तुझा? आण इकडे. हे मलम, स्प्रूसचा डिंक लोण्यात कढवलेला. कसलीही जखम भरते, गावात सगळ्यांना मीच लावते. तौनोला लावलं का? त्याच्या पायावर कुऱ्हाड बसली तेव्हा डबा या फळीवरच होता, काठोकाठ भरलेला. पाय काळा पडत चालला होता, तो मागत होता, आणि मी—मी डबा काढला नाही. पंचवीस वर्षं मार खाल्ला होता, बाबा. झाड मयताबरोबर छाटतात ना, मी शनिवारीच जाऊन छाटून आले. नाव कोरलं, त्या दिवसाची तारीख कोरली. घरी आले तर हा पाणी मागतोय. गेला सोमवारी. तारीख तेवढी चुकली.

हे तुला कशाला सांगितलं मी? विसरून जा. एकटीला बोलायची सवय राहत नाही, मग असं होतं. कॉफी संपव—

थांब. हलू नकोस. दारात कुणीतरी पाय पुसतंय. ऐक—एकदा. दोनदा. तौनो तीनदा पुसायचा, कितीही ढोसून आला तरी. हे—तिसऱ्यांदा.

मागचं दार उघडं आहे, तिकडून जा. मलमाचा डबा ठेव खाली, त्याच्या पायाला लागेल. जा म्हणते ना.