सत्ताविसाव्या पानावरचा मासा

(चॅपलच्या मागे फिरत्या वाचनालयाची गाडी उभी आहे. आत गाडी चालवणारी जोसी आणि गावातल्या खिडक्या पुसणारा क्लिफर्ड ऑर्मरॉड. त्याची बादली पायरीशी ठेवलेली.)

क्लिफर्ड : चष्मा घालूनच सांगतोय, जोसी. हे बघ. सत्ताविसावं पान. आकड्याच्या खाली.

जोसी : मासा आहे.

क्लिफर्ड : मासाच आहे ना? मला एकट्यालाच दिसत नाहीये ना?

जोसी : ॲव्हरिलचा मासा तो. तिनं वाचलेल्या प्रत्येक पुस्तकात सापडतो. मी ‘पुस्तकांत खुणा करू नयेत’ अशी पाटी लावली, तर बाईंनी त्या पाटीवरही एक काढून ठेवला.

क्लिफर्ड : हे पुस्तक गाडीवर कधी आलं?

जोसी : मिसेस ट्विडेलचं नवीन? जूनमध्ये. शाळेपुढे गोल पाटी धरून गाड्या थांबवणारी ती गुप्तहेर बाई. या खेपेला बेकरीतला खून आहे. भट्टीच्या मागे—

क्लिफर्ड : जूनमध्ये.

जोसी : हो, जून... अगं बाई.

क्लिफर्ड : माझ्या ॲव्हरिलला आपण फेब्रुवारीत पुरलं. तू होतीस तिथं.

जोसी : थांबा. मला बसू द्या.

क्लिफर्ड : स्टुलावर पुस्तकं आहेत.

जोसी : असू देत. क्लिफ, हे कसं शक्य आहे?

क्लिफर्ड : तेच विचारायला आलोय. चहाचा कप हातातून सुटला माझ्या. तिचा आवडता होता. कपाचं जाऊ दे. एक क्षणभर मी जिन्याकडे बघितलं, जोसी. ती वरून खाली येईल असं वाटलं. या वयात.

जोसी : पण तुम्ही कधीपासून असली पुस्तकं वाचायला लागलात? खुनी कोण ते मी सांगायला लागले की कानांवर हात ठेवायचात.

क्लिफर्ड : मला कशाला हवी ती! याची तिनं वाट बघितली होती फार. म्हटलं, आपण वाचू. रविवारी फुलं घेऊन जातोच, तेव्हा खुनी कोण ते सांगता येईल.

जोसी : ...हो.

क्लिफर्ड : रडू नकोस. कोणी केलं ते शोध. एवढी वाचलीस ना ही पुस्तकं? मग लाव डोकं.

जोसी : बरं. लावते. पहिला प्रश्न : ही खूण कोणाकोणाला माहीत होती?

मिसेस थ्वेट : सगळ्या गावाला. हात दे गं जरा, या पायऱ्या दर खेपेला उंच होतात. क्लिफ, तुझ्या बादलीला अडखळून पडले असते मी. आणि माझ्या स्वयंपाकघराची खिडकी कधी पुसणार आहेस?

क्लिफर्ड : मंगळवारी, एडिथ.

मिसेस थ्वेट : मागच्या मंगळवारीही मंगळवारीच म्हणाला होतास. काय झालं? दोघांचे चेहरे असे का?

जोसी : हे बघा, मिसेस थ्वेट. जूनमधलं पुस्तक.

मिसेस थ्वेट : मासा! ...देवा. कोणी चावटपणा केलाय हा? मेलेल्या बाईची खूण! गावात प्रत्येकाची वेगळी आहे, कोणी दुसऱ्याची वापरत नाही. मी शेवटच्या पानावर फुली मारते. वेनराइट जिभेनं बोट ओलं करून कोपरा दुमडतो, शी! खुणा नसत्या तर अर्धं गाव एकच पुस्तक चारदा वाचत बसलं असतं.

जोसी : मिसेस थ्वेट, पाटी वाचली नाहीत का कधी?

मिसेस थ्वेट : वाचली. त्यावर मासा होता.

क्लिफर्ड : मला एक दिसतंय. सांगू का? ॲव्हरिल डावरी होती. तिचा मासा उजवीकडे बघायचा. हा डावीकडे बघतोय.

जोसी : खरंच की. थांबा, मागच्या वर्षीचं ट्विडेल काढते. सत्तावीस... हे बघा. इथं दोन आहेत. एक उजवीकडे बघणारा, एक डावीकडे. नाकाला नाक.

क्लिफर्ड : ते दोन असतातच. मला वाटायचं, तिनं विसरून दुसऱ्यांदा आणलं असेल.

जोसी : ॲव्हरिल विसरेल? तिसऱ्या प्रकरणात खुनी ओळखून मला पैजेवर सांगायची ती. त्याच्या आधीचं बघू. दोन. त्याच्या आधीचं... दोन. मेंढपाळाच्या काठीनं खून होतो ते... दोन. क्लिफ, सगळ्यांत दोन आहेत. फक्त या नव्यात एक.

मिसेस थ्वेट : म्हणजे दुसरं कोणीतरी होतं.

क्लिफर्ड : काय म्हणायचंय तुला?

मिसेस थ्वेट : मला काही म्हणायचं नाही. पुस्तक म्हणतंय.

क्लिफर्ड : घरी पुस्तक आणलं की ती आधी सत्ताविसावं पान उघडायची. कोटसुद्धा काढायच्या आधी. आणि हसायची. मला वाटायचं, तिथं काही विनोद असेल. एकदा वाचून बघितलं, तर एका माणसाला पाण्याच्या टाकीत बुडवलं होतं.

जोसी : क्लिफ, मनात भलतंसलतं आणू नका.

क्लिफर्ड : आणू नको तर काय करू? माझी बायको इतकी वर्षं माझ्या शेजारी बसून कोणाशी तरी बोलत होती आणि मी समोर रटाळ फुटबॉल बघत होतो. कोण आहे तो? तू ओळखतेस. पुस्तकं तूच इकडून तिकडे नेतेस.

जोसी : मी कोणाचं नाव सांगत नाही. एका थांब्यावरची गोष्ट दुसऱ्या थांब्यावर न्यायची नाही, हा माझा पहिल्या दिवसापासूनचा नियम. नाहीतर या खोऱ्यात मला कोणी गाडी लावू दिली नसती.

मिसेस थ्वेट : नियम बाजूला ठेव. क्लिफ, मला हे सांग. मासाच का?

क्लिफर्ड : तिच्या बापाची मासळीची गाडी होती ना. दर शुक्रवारी वरच्या वाड्यांवर फिरायचा. गाडीवर मासा रंगवलेला होता, मुलींनीच रंगवला होता लहानपणी.

मिसेस थ्वेट : मुलींनी.

क्लिफर्ड : हो, ॲव्हरिल आणि...

मिसेस थ्वेट : बोल.

क्लिफर्ड : नाही. शक्यच नाही. एडिथ, तू होतीस त्या दिवशी मंडपात.

मिसेस थ्वेट : होते म्हणून तर म्हणतेय.

जोसी : कोणता मंडप? मला कोणी सांगेल का?

मिसेस थ्वेट : गावचं प्रदर्शन. केकची परीक्षक होती विनिफ्रेड, ॲव्हरिलची धाकटी बहीण. आणि ॲव्हरिलच्या केकवर गार करायच्या जाळीच्या रेघा उमटल्या होत्या. जाळीवर पालथा काढलेला केक सुलटा करायला विसरली असेल. विनीनं सगळ्यांदेखत तो बाद केला. वर कागद लावला : ‘चव उत्तम, पण जाळीचे व्रण.’

जोसी : सख्ख्या बहिणीचा?

मिसेस थ्वेट : नियम म्हणजे नियम, म्हणाली. त्यानंतर दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलं नाही.

क्लिफर्ड : नाव काढू द्यायची नाही घरात. मी केक म्हटलं तरी उठून जायची.

जोसी : ही विनिफ्रेड राहते कुठं?

क्लिफर्ड : माळाच्या पलीकडे. लग्न होऊन मेटकाफांच्या घरी गेली. आता एकटीच असते असं ऐकलंय.

जोसी : विनी मेटकाफ? तांबडा कोट, दोन बोके, मेंढ्यांच्या फाटकाशी उभी असते, ती?

क्लिफर्ड : तुझ्या गाडीवर येते?

जोसी : इथून निघाले की पुढचा थांबा तिचाच. ट्विडेलचं पुस्तक इथून परत आलं की तिच्याकडे जातं, तिच्याकडून आलं की इथं. मला एवढी वर्षं वाटत होतं, आपोआप होतंय. दोघीही दर वेळी सांगायच्या, ‘हे माझ्यासाठी धरून ठेव.’ ॲव्हरिलची बहीण! मला एकदाही म्हणाली नाही.

मिसेस थ्वेट : क्लिफ.

क्लिफर्ड : काय?

मिसेस थ्वेट : विनीला कळवलंस ना तू? फेब्रुवारीत?

क्लिफर्ड : ...ॲव्हरिलनं बजावलं होतं. विनीला कळवायचं नाही, पेपरात द्यायचं नाही. दवाखान्यात माझं मनगट धरून म्हणाली.

मिसेस थ्वेट : आणि तू ऐकलंस.

क्लिफर्ड : मी तिचं सगळंच ऐकायचो.

जोसी : म्हणजे तिला माहीतच नाही. अरे देवा. क्लिफ, मागच्या खेपेला तिनं हेच पुस्तक पुन्हा मागून घेतलं, चाळून परत दिलं, आणि विचारलं... मला वाटलं, असंच विचारतेय...

क्लिफर्ड : काय विचारलं?

जोसी : ‘खालच्या गावात हल्ली कोणी वाचत नाही का गं?’

मिसेस थ्वेट : अगं, ती ॲव्हरिलबद्दल विचारत होती.

क्लिफर्ड : तू काय म्हणालीस?

जोसी : मी म्हणाले, वाचतात की. उन्हाळ्यात जरा कमी. हसून म्हणाले, क्लिफ. हसून.

क्लिफर्ड : जूनपासून मासा काढून वाट बघतेय बाई. तिला वाटत असेल, पुन्हा रुसली.

मिसेस थ्वेट : पेन्सिल आहे का तुझ्याकडे, जोसी? एक मासा काढून टाकू. उजवीकडे बघणारा. म्हातारी सुखानं झोपेल, आणि ॲव्हरिलला दिलेला शब्दही राहील.

जोसी : ही घ्या.

क्लिफर्ड : आण इकडे.

मिसेस थ्वेट : शेपटी वर काढ. तिची वर असायची.

क्लिफर्ड : माहितेय मला कशी असायची.

जोसी : क्लिफ? हात थांबला का?

क्लिफर्ड : नाही जमायचं. आज काढला तर पुढच्या पुस्तकातही काढावा लागेल. त्याच्या पुढच्याही. ही पेन्सिल घे परत.

मिसेस थ्वेट : आणि शब्द दिलास त्याचं काय?

क्लिफर्ड : तोंडानं एक बजावत होती आणि हातानं मासे काढत होती. मी तोंडाचंच ऐकत राहिलो. जोसी, पुढच्या सीटवर काय आहे?

जोसी : माझा डबा आणि दोन खोकी. काढते.

मिसेस थ्वेट : फोन करून जा निदान.

जोसी : ती फोन उचलत नाही, मिसेस थ्वेट. मुख्य रस्त्यापासून घर लांब आहे, क्लिफ. मला फाटकापर्यंतच नेता येईल.

क्लिफर्ड : चालेन. तिच्या खिडक्या कशा आहेत गं?

जोसी : खिडक्या? कळकट. आतला दिवा लागलाय की नाही तेही कळत नाही. का?

क्लिफर्ड : मग बादली आत घे. सांगून झाल्यावर मला हाताला काहीतरी काम लागेल.