तुकाराम घडशींनी झेंडा खाली केला नाही

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या मंडळाचे आधारस्तंभ माननीय विजयकुमार धारप, व्यासपीठावर विराजमान असलेले प्रमुख पाहुणे आणि माझ्या कंपनीचे जनरल मॅनेजर माननीय रामेश्वर सबनीस साहेब, ज्यांच्यासाठी आपण जमलो ते सत्कारमूर्ती श्री. तुकाराम घडशी, पुढच्या रांगांत बसलेली करामा आणि बर दुबईतली सगळी कुटुंबं, आणि मागे भिंतीला टेकून उभे असलेले, अल कूझच्या कामगार कॅम्पवरून कंपनीच्या बसने आलेले माझे भाऊ. तुम्ही उभे आहात, कारण खुर्च्या शंभरच मागवल्या होत्या. सत्कार तुमच्या माणसाचा आणि खुर्च्या आमच्या. असो. निरोपाच्या सभेत कडू बोलू नये म्हणतात. मी प्रयत्न करते.

मी मृणालिनी परचुरे. कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर आहे. व्हिजिटिंग कार्डावर हे फार भारदस्त दिसतं. साध्या भाषेत सांगायचं तर पत्रं टाइप करणारी आणि फायली लावणारी बाई. सूत्रसंचालन करणाऱ्या संजनाने मला तीन मिनिटं दिली आहेत आणि सांगितलंय, वहिनी, गणपतीच्या मखराबद्दल बोला. बोलते. गेली अकरा वर्षं आपल्या गणपतीचं मखर ज्या परांचीवर उभं राहतं, ती परांची तुकारामभाऊ शुक्रवारच्या सुट्टीत येऊन, कसलाही मोबदला न घेता बांधतात. आज मी ज्या स्टेजवर उभी आहे तेही त्यांनीच काल बांधलं. स्वतःच्या निरोपाचं स्टेज स्वतः बांधणारा सत्कारमूर्ती तुम्ही कुठे पाहिलाय का? आपण त्यांना विचारलं आणि ते हो म्हणाले. आपल्याला विचारायला लाज वाटली नाही.

मखराचं झालं. आता गेल्या एप्रिलबद्दल बोलते, कारण आत्तापर्यंत झालेल्या चार भाषणांत एप्रिल महिना आलाच नाही. सगळे म्हणाले, तब्येतीच्या कारणाने तुकारामभाऊ गावी चालले आहेत. तब्येत. त्यांच्याकडे बघा एकदा.

एप्रिलमध्ये इथल्या एका मेळ्यात स्की जंपिंगचा शो ठेवला होता. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. उंच टॉवरवरून पायात लांबलचक पट्ट्या बांधून माणूस घसरत येतो, टोकाशी आला की हवेत झेप घेतो आणि खालच्या उतरणीवर उतरतो. खरा खेळ बर्फावरचा. उन्हाळ्यात तिकडे केरसुणीसारख्या प्लास्टिकच्या चटया अंथरतात आणि त्यावर पाणी मारतात. इथेही तेच केलं. पोस्टरवर मात्र बर्फाचे डोंगर आणि ‘जागतिक दर्जाचे खेळाडू’. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. टॉवर आमच्या कंपनीने बांधला, म्हणजे तुकारामभाऊंच्या गँगने. अठ्ठावीस मीटर, एकवीस दिवसांत.

आणि खेळाडू? चार आले. त्यांची कागदपत्रं माझ्याच टेबलावरून गेली. चौघंही ‘कॉन्टिनेंटल कप’ खेळणारे. टीव्हीवर दिसतो तो वर्ल्ड कप. त्याच्या खालची ही स्पर्धा. आपल्याकडे जन्मभर रणजी खेळून ज्यांना कसोटीची टोपी मिळत नाही, तशी ही मंडळी. स्वतः व्हॅन चालवत एका देशातून दुसऱ्या देशात जायचं, स्वतःच्या पट्ट्यांना स्वतःच मेण लावायचं, आणि पहिल्या तिसांत आलात तरच गुण. एकतिसाव्याला काहीही नाही. फिनलंडचा पेक्का म्हणून चोवीस वर्षांचा एक होता. त्याने मला त्या वर्षीचे निकाल दाखवले. एकतीस, चौतीस, एकतीस, अठ्ठावीस. अठ्ठावीसवर बोट ठेवून असा हसला की मला वाटलं, ह्याला पेढा द्यावा. उन्हाळ्यात तो घरांची छपरं घालतो. बायको म्हणते सोड आता, हा म्हणतो अजून एक वर्ष.

मी साहेबांना विचारलं होतं, वर्ल्ड कपवाले का नाही बोलावले? साहेब म्हणाले, ‘‘मृणालिनी, ते लोक वारा मोजायची मशिनं मागतात, पंच मागतात, डॉक्टर मागतात. सेकंड लाइनवाले काही मागत नाहीत.’’ साहेब, आठवतंय ना? मला ते वाक्य रोज आठवतं. दुसऱ्या फळीचा माणूस म्हणजे कोण? जो काही मागत नाही तो. मागे भिंतीला टेकून उभे आहेत तेही काही मागत नाहीत.

तरी पेक्काने एक गोष्ट मागितली. त्यांचा प्रशिक्षक. या खेळात खेळाडू वर एका आडव्या दांडीवर बसतो. तिथून त्याला खालचा वारा कळत नाही. झेपेच्या जागेजवळ त्याचा प्रशिक्षक झेंडा वर धरून उभा असतो. वारा बरा असला की तो झेंडा खाली करतो आणि मगच खेळाडू दांडी सोडतो. झेंडा खाली आला नाही, तर खेळाडू दांडीवरून उठून बाजूला होतो. त्याला तिथे कोणी भित्रा म्हणत नाही. प्रशिक्षकाचं तिकीट अठराशे दिरहम, म्हणजे आपले तेवीस-चोवीस हजार रुपये. आयोजकांनी ते नाकारलं, आणि आमच्या कंपनीने लेखी कळवलं की झेंड्याला आम्ही माणूस देऊ. ते पत्रही मीच टाइप केलं.

माणूस कोण, हे मात्र पेक्काने ठरवलं. तो पहिल्याच दिवशी टॉवर चढून गेला, तर वर तुकारामभाऊ जुन्या लुंगीच्या चिंध्या पाइपांना बांधत होते. तीन उंचीवर तीन चिंध्या. पेक्काने खुणेने विचारलं, हे काय? तुकारामभाऊ म्हणाले, ‘‘दोपहर को समुंदर का हवा सीधा आता है. शाम को आडा मारता है.’’ तो फिनलंडचा, हे राजापूर तालुक्यातले, मध्ये कामचलाऊ हिंदी. पण दोघांचाही जन्म उंचीवर गेलेला, त्यामुळे समजलं. पेक्का खाली येऊन म्हणाला, ‘‘दिस मॅन, फ्लॅग.’’ आणि पुढचे चार दिवस सरावाच्या साठ उड्या तुकारामभाऊंच्या झेंड्यावर झाल्या. माझी ओवी सराव बघायला आली होती. एका उडीला त्यांनी नऊ मिनिटं झेंडा वर धरून ठेवला, तर पोरगी कंटाळली. ते चौघं कंटाळले नाहीत.

संजना, चिठ्ठी मिळाली. माझी वेळ संपली हे मला कळलं. ती पाण्याची बाटली इकडे दे आणि खाली बस बाळा.

तर उद्घाटनाची संध्याकाळ. दोन हजार माणसं, प्रायोजक पुढच्या सोफ्यांवर. सहा वाजता पेक्का दांडीवर बसला. तुकारामभाऊंनी झेंडा वर धरला तो धरलाच. पाच मिनिटं झाली, दहा झाली. वॉकीटॉकीवर जे बोलणं झालं ते मी साहेबांच्या शेजारी उभी राहून ऐकलंय, म्हणून सांगते.

‘‘तुकाराम, स्पॉन्सर बसलेत. यल्ला, चल लवकर, झेंडा खाली कर.’’

‘‘साहेब, वारा आडवा मारतोय. मधली चिंधी बघा.’’

‘‘चिंधी बघायला पगार देतो का मी तुला? दुपारी जमतं, मग आत्ता का नाही?’’

‘‘दुपारी सरळ होता साहेब. आता पोराला उचलून बाजूच्या पायपांवर घालेल.’’

‘‘ही माझी ऑर्डर आहे.’’

‘‘मग साहेब, तुम्ही वर येऊन करा खाली. माझ्या हातून होणार न्हाई.’’

साहेब वर गेले नाहीत. त्यांनी सोफ्यावरचा प्रायोजकाचा हातभर कागदी झेंडा उचलला, टॉवरच्या पायथ्याशी गेले आणि तिथून तो खाली केला. हसू नका. मलाही तेव्हा हसू आलं होतं, आता येत नाही. वर चोवीस वर्षांचं पोर बसलंय आणि त्याला दोन झेंडे दिसताहेत, एक खाली आणि एक वर. खालचा झेंडा त्याला बोलावणाऱ्यांचा, पैसे देणाऱ्यांचा. पेक्काने दोन्ही पाहिले. मग तो दांडीवरून उठला, पट्ट्या काढल्या, खांद्यावर घेतल्या आणि जिना उतरून आला. त्याच्यामागून बाकीचे तिघंही. वारा काही कमी झाला नाही आणि सव्वासातला शो रद्द झाला. लोकांनी कागदी पेले फेकले.

एवढंच. पुढे काही झालं नाही. कोणी पडलं नाही, कुणाची मान मोडली नाही, अँब्युलन्स आली नाही. आणि हाच तुकारामभाऊंचा गुन्हा ठरला. माणूस पडला असता तर चौकशी झाली असती, वाऱ्याचा अहवाल निघाला असता, कुणाला तरी जाब विचारला असता. पडला नाही, मग पुरावा कशाचा दाखवणार? ज्याचं काम चांगलं, त्याच्या कामाच्या जागी काहीच घडत नाही, आणि आपण विचारतो की ह्याने केलं काय?

आयोजक चिडले. परदेशी खेळाडूंना बोलायची सोय नव्हती, आणि पुढच्या वर्षीचं काम तर आम्हाला हवं होतं. मग काय, चोर सोडून संन्याशाला फाशी. त्या खेळात म्हणे पाच पंच असतात आणि सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी गुण देणाऱ्या दोघांचे गुण सोडून देतात, म्हणजे एकाच्या लहरीवर निकाल लागत नाही. आमच्याकडे पंच एकच.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला बोलावलं आणि आयोजकांना पाठवायचं पत्र सांगितलं. झेंडा धरणाऱ्या कामगाराला उंचीवर चक्कर आली, म्हणून तो सूचना पाळू शकला नाही. चक्कर, तुकाराम घडशींना. वीस वर्षं हा माणूस नऊ इंच रुंद फळीवर उभा राहून जेवलाय. मी काय केलं असेल? तुम्हाला वाटत असेल, मृणालिनी वहिनी तोंडाची फटकळ, तिथेच बोलली असेल. नाही बोलले. साहेबांना चक्करसाठी डॉक्टरी इंग्रजी शब्द आठवत नव्हता. तो मी सुचवला. ‘व्हर्टिगो’ लिहा, म्हटलं, जास्त बरं दिसेल. साहेब म्हणाले, थँक यू. घरी जाऊन सांगितलं तर ओवी म्हणाली, ‘‘आई, बट ही डझन्ट गेट डिझी.’’ अकरा वर्षांच्या मुलीला कळलं ते मला कळत होतं. पण मला व्हिसा आहे, घरभाडं आहे, तिची शाळा आहे. या हॉलमधल्या प्रत्येकाला हेच आहे, म्हणूनच आज चार भाषणांत एप्रिल महिना आला नाही. आणि गणपतीला कंपनीचा बॅनर लागतो, म्हणून प्रमुख पाहुणेही तेच.

अध्यक्ष महाराज, माइक बंद करू नका. दोनच मिनिटं.

तुकारामभाऊ, आता मी तुमच्याशी बोलते. थोड्या वेळाने तुम्हाला शाल मिळेल, श्रीफळ मिळेल आणि साहेब एक लिफाफा देतील. सांगतील की सेवेचं प्रमाणपत्र आहे, पोच म्हणून खाली सही कर. ते मी बुधवारी टाइप केलंय. इंग्रजीत आहे. त्यात लिहिलंय की तुम्हाला उंचीवर चक्कर येते, तुम्ही उंचीवरच्या कामाला कायमचे अपात्र आहात, आणि हे तुम्ही स्वतः मान्य करता. आयोजकांच्या फाइलला तुमची सही हवी आहे, एवढ्यासाठी हा समारंभ आहे. पुढच्या महिन्यात मस्कतच्या कंपनीत तुम्ही मुलाखतीला जाणार. तिथे हा कागद दाखवलात की तुम्हाला झाडू मारायलासुद्धा कोणी परांचीवर चढू देणार नाही. गावी कावेरी वहिनींनी दोन्ही मुलींची शिक्षणं तुमच्या याच कामावर धरली आहेत.

शाल घ्या, श्रीफळ घ्या, तुमचा मान आहे तो. लिफाफा घेऊ नका आणि सही करू नका.

त्याऐवजी हे घ्या. मे महिन्यात फिनलंडहून कंपनीला एक फॅक्स आला. साहेबांनी ‘फाइल करा’ म्हणून माझ्याकडे टाकला, आणि मी निमूटपणे फाइल केला. खाली चौघांच्या सह्या आहेत. मी वाचून दाखवते. ‘‘आम्ही नऊ देशांतल्या टॉवरवरून उड्या मारल्या. तुमच्या माणसाच्या झेंड्यावर आम्ही डोळे मिटून दांडी सोडू. त्या संध्याकाळी त्याने झेंडा खाली केला नाही, म्हणून आम्ही घरी आलो.’’ याच्यासोबत माझ्या सहीचं एक पान जोडलंय. चक्कर खोटी आहे आणि तो शब्द माझा आहे, असं त्यात लिहिलंय. मस्कतला ही दोन पानं दाखवा. माझ्या नोकरीचं काय व्हायचं ते शनिवारी ऑफिस उघडल्यावर होईल.

मंडळाने मला बोलायची संधी दिली, ती त्यांना आता जड वाटत असेल, तरी मी आभारी आहे. मागे उभ्या असलेल्यांनी इतका वेळ उभं राहून ऐकलं, त्यांचे जास्त आभार. बोलण्याच्या भरात काही अधिक-उणं झालं असेल, तर सभेने मोठ्या मनाने पोटात घालावं. लिफाफ्यातल्या पत्रात मात्र टायपिंगची एकही चूक नाही, मी ते तीनदा तपासलंय. त्याची माफी मी सभेकडे मागत नाही. तुकारामभाऊ, ती तुमच्याकडे मागते, आणि तुम्ही नाही दिलीत तरी मला समजेल.