पाच वाजून पाच मिनिटांची नोंद

जबाब देणार : पुरुष, वय ५९ वर्षे, शिक्षण नववी पास, धंदा नोकरी (चित्रपटगृहात डोअरकीपर). नाव, पत्ता आणि फोन नंबर सोबतच्या कागदावर उतरवून घेतला आहे.

मी आज शनिवारी सकाळी पावणेअकरा वाजता पोलीस ठाण्यात स्वतःहून हजर राहिलो. गुरुवारी आमच्या हॉलमध्ये झालेल्या मृत्यूबद्दल मला विचारलं त्यावरून सांगतो ते असं.

सदर चित्रपटगृहात मी एकतीस वर्षं कामाला आहे. तिकीट फाडणे, टॉर्च दाखवून लोकांना जागेवर बसवणे, शो सुटला की दारं उघडणे आणि हॉल रिकामा झाल्याची खात्री करणे हे माझं काम. वही लिहिणे हेही माझंच काम. वहीबद्दल साहेबांनी दोनदा विचारलं, म्हणून आधी तेच सांगतो.

ही पद्धत आमच्या मालकांच्या वडिलांनी घालून दिली. नवीन सिनेमा लागला की डोअरकीपरने मागच्या भिंतीला टेकून उभं राहायचं आणि प्रेक्षक कुठे हसले, कुठे शिट्टी पडली, कुठे माणसं उठून बाहेर गेली, हे वेळेसकट लिहायचं. शो सुटल्यावर दारात दहा जणांना कसा वाटला ते विचारायचं आणि उत्तर आहे तसं उतरवायचं. त्यावरून मालक ठरवतात, सिनेमा पुढचा आठवडा ठेवायचा की उतरवायचा. हल्ली लोक फोनवर काय काय लिहितात म्हणे, पण आमचे मालक वही बघतात. वहीतली वेळ मी मनगटावरच्या घड्याळावरून लिहितो. हे घड्याळ मयतांनीच दुरुस्त केलेलं आहे आणि ते एका मिनिटाने इकडचं तिकडे होत नाही.

सध्या लागलेला सिनेमा इंग्रज लोकांचा आहे. मारामारीचा आणि विनोदी. एक निवृत्त गुप्तहेर असतो, अतिशय सभ्य माणूस. कोणालाही ठोसा मारायच्या आधी 'माफ करा' म्हणतो. दुधाच्या गाडीतून गुंडांचा पाठलाग करतो आणि सिग्नल लाल झाला की थांबतो. गुंडही थांबतात. बोलणं सगळं इंग्रजीत, खाली आपल्या भाषेत अक्षरं येतात. साहेब म्हणाले, गोष्ट नको, मुद्द्याचं बोला. साहेब, मुद्दा यातच आहे, पुढे कळेल.

अशा सिनेमाला हशा एकदम येत नाही, तीनदा येतो. अक्षरं वाचणारे आधी हसतात, कारण अक्षरं बोलण्याच्या आधी पडद्यावर येतात. मग इंग्रजी कळणारे हसतात. आणि ज्यांना दोन्ही जमत नाही ते, बाकीचे हसले म्हणून शेवटी हसतात. मयत या तिसऱ्या प्रकारातले होते.

मयत यांना आम्ही सगळे घड्याळकाका म्हणायचो. वय ७४. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. आयुष्यभर डोळ्याला भिंग लावून काम केलं आणि म्हातारपणी डोळ्यांनीच दगा दिला. कडेचं दिसायचं, मधलं दिसायचं नाही. गाड्या पळताना दिसायच्या, अक्षरं दिसायची नाहीत. त्यांच्या पत्नी होत्या तोवर दोघं दर गुरुवारी तीनच्या शोला यायचे आणि शेवटच्या रांगेत कोपऱ्यातल्या दोन खुर्च्या धरायचे. काकू खालची अक्षरं हळू आवाजात वाचून दाखवायच्या. शेजाऱ्यांची तक्रार कधी आली नाही. उलट एकदोघं मुद्दाम जवळ येऊन बसायचे.

काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या. त्यानंतर काका वर्षभर फिरकले नाहीत. मग एका गुरुवारी आले आणि दोन तिकिटं काढली. एक फाडून घेतलं, दुसरं खिशात ठेवलं. मी काही विचारलं नाही. शो सुरू झाल्यावर जाऊन शेजारच्या खुर्चीत बसलो आणि वाचायला लागलो. माझं वाचणं म्हणजे नववी पास, अडखळत. ते म्हणाले, "अहो, वाचताय की जुन्या घड्याळासारखे ठोके देताय?" पण हसले. तेव्हापासून दर गुरुवारी मीच वाचायचो. उभं राहून वही लिहायची ती बसून लिहायला लागलो, एवढाच काय तो फरक.

हा सिनेमा मात्र त्यांना असा काही आवडला की मागच्या आठवड्यातल्या शुक्रवारपासून रोज यायला लागले. रोज तीनचा शो. 'माफ करा' आलं की गडगडाटी हसायचे, सगळ्यांच्या नंतर, एकटेच. पुढच्या रांगेतली माणसं त्यांचं हसणं ऐकून पुन्हा हसायची. म्हणून मी वहीत त्यांचा वेगळा रकाना केला. 'काका हसले' असं लिहायचो. त्यांच्यापर्यंत पोचलं म्हणजे सिनेमा सगळ्यांपर्यंत पोचला, असा माझा हिशेब.

बुधवारी आमचं वाजलं. ही गोष्ट मी गुरुवारच्या पहिल्या जबाबात सांगितली नव्हती. बुधवारी शो सुटल्यावर काका दारात थांबले आणि म्हणाले, "तुम्ही वाचता छान, पण आमची ही वाचायच्या आधीच हसायची. काय लिहिलंय ते मला पुष्कळदा कळायचंच नाही. मी तिच्या हसण्यालाच हसायचो. तुम्ही आपले तोंड पाडून वाचता, जसं काही नोटीस वाचताय." ते थट्टेने म्हणाले, हे मला आज कळतं. त्या वेळी माझं डोकं फिरलं. आठ तास उभं राहायचं, त्यातून सहा दिवस घसा खरवडायचा, आणि वर हे. मी म्हटलं, "मग उद्या बसा एकटे." ते म्हणाले, "बसतो की." आणि काठी टेकत गेले.

गुरुवारी ते पावणेतीनला आले. दोन तिकिटं पुढे केली. मी एक फाडलं, टॉर्च दाखवून जागेवर बसवलं आणि एक शब्द बोललो नाही. तेही बोलले नाहीत, पण शेजारच्या खुर्चीवर त्यांनी काठी ठेवली नाही, एरवीसारखीच मांडीवर घेतली. खुर्ची मोकळी ठेवली होती. ते मी पाहिलं. तीन वाजता शो सुरू झाला. हॉलमध्ये साठ-पासष्ट माणसं होती, शेवटच्या रांगेत ते एकटे. मी मागच्या भिंतीला उभा राहिलो.

तीन वाजून बेचाळीस मिनिटांनी दुधाच्या गाडीचा सिग्नल येतो. अक्षरं अजून पडद्यावर यायची होती. तेवढ्यात काका एकटेच हसले, मोठ्याने. सहा दिवस पाहून त्यांना पाठ झालं होतं. सगळा हॉल मागे वळून बघायला लागला, मग अक्षरं आली आणि सगळे हसले. त्यांनी मान माझ्या बाजूला वळवली. अंधारात त्यांना मी दिसणं शक्यच नव्हतं, पण मी कुठे उभा असतो ते त्यांना माहीत होतं. मी वहीत लिहिलं, 'काका आधी, बाकी नंतर.' जाऊन बसावं असं माझ्या मनात आलं. गेलो नाही. उलट दार लोटून बाहेर गेलो आणि व्हरांड्यात स्टुलावर बसलो.

त्यानंतरचा सिनेमा मी पाहिलेला नाही आणि हॉलमधला हशाही नीट ऐकलेला नाही. वहीतल्या तीन बेचाळीसनंतरच्या गुरुवारच्या सगळ्या नोंदी मी व्हरांड्यात बसून बुधवारच्या पानावरून उतरवल्या. प्रेक्षक रोज त्याच त्या जागी हसतात, एकदोन मिनिटं पुढे-मागे. एकतीस वर्षांत हे मी पहिल्यांदाच केलं.

चार वाजून पाच मिनिटांनी इंटरव्हल झालं. दिवे लागले. मी चहावाल्याबरोबर आत गेलो. काका खुर्चीत बसले होते, मान जराशी खाली, दोन्ही हात काठीवर. मी तीन-चार पावलांवरून म्हटलं, "काका, चहा?" ते बोलले नाहीत. मी पुन्हा विचारलं नाही. मला वाटलं, रुसले. मनात म्हटलं, रुसा, मीही काही कमी नाही. आणि तसाच माघारी फिरलो.

पाच वीसला शो सुटला. दारात मी नेहमीप्रमाणे विचारत होतो. वहीत त्या दिवशीच्या प्रतिक्रिया आहेत त्या खऱ्या आहेत. कॉलेजच्या दोन मुली म्हणाल्या, "हसून हसून पोट दुखलं, शेवट जरा ताणलाय." एक शिंपी म्हणाले, "सूट बघितलात का त्याचा? एवढ्या मारामारीत इस्त्री मोडत नाही." एक बाई म्हणाल्या, "आमच्या घरात कोणी भांडायच्या आधी असं माफ करा म्हणेल तर शपथ." एका गृहस्थांनी सांगितलं, "ठीक आहे, पण सगळ्यांनाच नाही आवडणार. मागे एक आजोबा गाढ झोपलेत बघा, एवढ्या गोळीबारात." मी हसलो आणि तेही लिहून घेतलं.

मग आत गेलो. काकांच्या खांद्याला हात लावला. मग त्यांचा हात धरला, तो थंड होता. मी त्यांना हाक मारली, किती वेळा ते सांगता येत नाही. चहावाल्याने फोन केला. अँब्युलन्स सहा वाजायच्या आत आली. डॉक्टरांनी पाहून सांगितलं, दीड-दोन तास तरी होऊन गेलेत. मी तेव्हा जवळच उभा होतो, मी ते ऐकलं.

साडेसहाला त्यांची मुलगी ऑफिसातून तशीच आली. ती मला लहानपणापासून काका म्हणते. मॅनेजरच्या खोलीत तिने मला विचारलं, "काका, बाबांना त्रास झाला का हो? कोणाला हाक मारली का त्यांनी? तुम्ही होतात ना जवळ?" वही हातात होती. मी पान उघडून तिच्यापुढे धरलं आणि बोट ठेवलं. पाच वाजून पाच मिनिटं, काका हसले. म्हटलं, "हे बघ. शेवटपर्यंत हसत होते." तिने ती ओळ दोनदा वाचली. मग वही छातीशी धरून रडली, आणि म्हणाली, "काका, तुमचे उपकार फेडता येणार नाहीत." त्या पानाचा तिने फोटो काढला. काल स्मशानात जो भेटेल त्याला तो फोटो दाखवत होती. भलेभले म्हणत होते, मरण असावं तर असं. मी मागे उभा होतो.

आता ती डॉक्टरांचं म्हणणं मानायला तयार नाही. पाच वाजून पाच मिनिटांपर्यंत बाबा हसत होते, मग दोन तास कसे, कागद चुकीचा आहे, असं तिने लिहून दिलं आहे आणि चौकशी मागितली आहे, असं मला आज साहेबांकडून कळलं. म्हणून सांगतो. डॉक्टरांचा कागद बरोबर आहे, माझी वही खोटी आहे. पाच वाजून पाच मिनिटांनी काका बुधवारी हसले होते. गुरुवारी त्या वेळी ते नव्हते. इंटरव्हलला मी चहा विचारला तेव्हा होते की नव्हते, ते मला माहीत नाही. मी आणखी चार पावलं पुढे गेलो असतो तर कळलं असतं. साहेब म्हणाले, गेला असतात तरी उपयोग झाला असता असं काही नाही, असले हृदयाचे झटके क्षणात येतात. असेल तसं. पण शेजारच्या खुर्चीत माणूस असता.

माझी कोणावर तक्रार नाही. कोणी मला शिकवलेलं नाही. वही मी माझ्या हाताने जमा केली आहे. गुरुवारच्या पानावरची तीन बेचाळीसची नोंद मात्र खरी आहे. ती मी डोळ्यांनी पाहिली आणि कानांनी ऐकली. त्यांच्या मुलीने फोटो ठेवायचाच असेल तर त्या ओळीचा ठेवावा. ती बाहेर बाकावर बसली आहे. येताना मी तिच्यासमोरूनच आत आलो. सिनेमात तो सभ्य माणूस चौतीस वेळा माफ करा म्हणतो, मी मोजलेलं आहे, सहा दिवस ते मोठ्याने वाचलंही आहे. तिच्यापुढे ते मला एकदाही म्हणता आलं नाही. आता बाहेर गेल्यावर म्हणायचं आहे.

वरचा मजकूर लिहून घेणाऱ्या हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखवला. 'मला वाटलं, रुसले' या ठिकाणी ते थांबले आणि हे वाक्य तपासाच्या कामाचं नाही, काढू का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, राहू द्या. बाकी सर्व मी सांगितलं तसंच उतरलं आहे, त्यात कमी-जास्त करायचं नाही, म्हणून खाली सही करतो.