मनीनं आणलेला उंदीर

मांजराला माणसाचं दुखणं कळतं का, म्हणता? आमच्या मनीचंच सांगतो. माझी घरवाली सरू अंथरुणाला खिळली अन् तिचं खाणंच सुटलं. जालन्याचा डॉक्टर म्हणला, "दोन घास पोटात गेले तरच काही आशा."

मी ताट नेलं की ती इचारायची, "तुमचं झालं का?" नवऱ्याच्या आधी ती कधी जेवलीच न्हाई. माझ्याही गळ्याखाली काही उतरत नव्हतं, तरी मी "झालं" म्हणायचो. तिला खोटं बराबर कळायचं. मंग ताट तसंच परत.

एक दिवस मनीनं मेलेला उंदीर आणून तिच्या उशाशी ठेवला अन् समोर बसून राह्यली. सून ओरडली, "शी! आत्याबाई, थांबा, फेकते बाहेर."

सरू म्हणली, "राहू दे गं. मी उपाशी दिसले म्हणून आणलाय तिनं. जन्मात पयल्यांदा कोणी मला आधी वाढलं."

मी खाली मान घालून उठलो. दुधात भाकरी कुस्करली, वाटी घेऊन तिच्याजवळ बसलो. म्हणलं, "आज तू आधी."

तिनं तोंड उघडलं. घास तोंडातच राह्यला. गिळायची ताकद कधीच गेल्ती.