भोपळाभर समुद्र

चहा घ्या, तोवर आमच्या आजोबांचं सांगतो. जव्हारला राजे होते तेव्हाची गोष्ट. आजोबा मोखाड्याहून नदीच्या काठाकाठाने एकटेच चालत गेले आणि समुद्र बघून आले. कुणी बोलावलं नव्हतं, तिकडे कुणी सोयरं राहत नव्हतं.

तेव्हा त्यांचं लग्न ठरत आलेलं. नदी समुद्रात जाऊन संपते, असं आजोबा परतून सांगू लागले, तर मुलीचा बाप म्हणाला, "नदी काय कुठं संपते? थापाड्याला मी पोरगी देणार नाय."

आजोबांनी वाळक्या भोपळ्यात भरून आणलेलं समुद्राचं पाणी पुढे केलं. बापाने घोट घेतला आणि थुंकला. "हॅ! घरचंच मीठ कालवलंयस."

मुलीची आई चुलीपुढे बसलेली. तिनेही बोट बुडवून चाखलं. म्हणाली, "अवो, समुद्राचं असंल तर पोरगा खरा. मिठाचं असंल, तर एवढं मीठ पाण्यात घालणारा पोरगा श्रीमंत. दोन्हीकडून पोरगी द्यायलाच हवी."

लग्न झालं. मग एक दिवस सासरे आजोबांच्या घरी जेवायला आले. भाजी अळणी होती. त्यांनी मीठ मागितलं, तर घरात खडासुद्धा नव्हता.

सासरे जेवायचे थांबले. म्हणाले, "म्हंजे जावई खरंच समुद्रावर गेलता."