दोन मिलिमीटरचा पट्टा

कोंडिराम: म्हणजे तू सही केलीच न्हाईस? सगळे खोळंबलेले असताना?

पंचशीला: नाही केली, बाबा. मशीन तयार, कंट्रोल रूममध्ये चाळीस माणसं, आणि आमचे प्रमुख सर म्हणतायत, "पंचशीला, पूर्ण पॉवरवर चालवायचं फक्त तुझ्या सहीसाठी अडलंय."

कोंडिराम: काय अडलं होतं, नीट सांग. आपल्या केबिन रोडवरचा शेजारी बबन विचारतो, पोरगी सोलर बसवते का. मला धड सांगता येत न्हाई.

पंचशीला: सोलर! अहो, आम्ही वायू सूर्यासारखा तापवतो. त्याला म्हणतात प्लाझ्मा. चुंबकाने तो मधोमध धरून ठेवायचा, भिंतीला लागू द्यायचा नाही. पण कडेने थोडा निसटतोच. त्याची उष्णता तळाच्या धातूच्या पाट्यांवर पडते, एका अरुंद पट्ट्यात. तो पट्टा केवढा, हे काढायचं माझं काम.

कोंडिराम: केवढा निघाला?

पंचशीला: सगळे म्हणत होते पाच मिलिमीटर. माझं मॉडेल म्हणत होतं दोन.

कोंडिराम: उष्णता तेवढीच अन् जागा निम्म्याहून कमी? पाटी वितळंल की गं!

पंचशीला: आठ महिने मी हेच सांगत होते.

कोंडिराम: तीस वर्षं भांड्यांच्या कारखान्यात भट्टीवर होतो मी. मला लगेच कळलं, मग त्यांना का पटंना?

पंचशीला: जुन्या मशीनवर पाच आले होते ना. म्हणाले, तुझ्या प्रोग्रॅममध्ये चूक असेल. मलाही तसंच वाटायला लागलं. तीनदा पहिल्यापासून तपासलं. तीनही वेळा दोनच.

कोंडिराम: मग त्या दिवशी?

पंचशीला: म्हटलं, आधी निम्म्या पॉवरवर चालवा आणि पट्टा मोजा. तरच सही. सर चिडले. शेवटी म्हणाले, "ठीक आहे, निम्मी."

कोंडिराम: भ्याली न्हाईस?

पंचशीला: भ्याले तर! चुकले असते तर परत मला कुणी विचारलं नसतं.

कोंडिराम: अन् सही केली असतीस तर?

पंचशीला: पाट्या जळाल्या असत्या. मशीन वर्षभर बंद.

कोंडिराम: मोजलं मग?

पंचशीला: कॅमेऱ्याने. दोन पूर्णांक एक.

कोंडिराम: ...दोन.

पंचशीला: सरांनी सगळ्यांसमोर माइक घेतला. म्हणाले, "पंचशीला बरोबर होती, मी चुकलो." मग परवा कडेला थोडा निऑन वायू सोडून पूर्ण पॉवरवर चालवलं. निऑन उष्णता आधीच चहूकडे पसरवून टाकतो.

कोंडिराम: जास्त सोडला तर आतलंबी थंड पडंल ना?

पंचशीला: पडेल! किती सोडायचा, तो आकडाही माझाच. पाट्यांवर डागसुद्धा नाही, बाबा. हा बघा रिपोर्ट. पहिलं नाव माझं.

कोंडिराम: चष्मा न्हाई. तूच वाच.

पंचशीला: पंचशीला कोंडिराम सोनकांबळे.

कोंडिराम: माझंबी हाय?

पंचशीला: ते नुसतं 'के' लिहीत होते. मी म्हटलं, पूर्ण लिहा.

कोंडिराम: थांब जरा, तुझ्या आईलाबी ऐकू दे. सरोजा, हातातलं ठेव अन् हिकडं ये. ...हां, आता वाच परत.