कोर्टातल्या सीनचा आवाज

हॅलो?… हॅलो, ताई?… हो, येतंय ऐकू. थांब, वॉशिंग मशीन चालू आहे, दार लोटते… हं, बोल.

नाही गं, केव्हाची उठलेय. इकडे जपानात, सेंदाईला साडेअकरा झाले, तुझ्या पुण्यात आठ. चहा झाला?… मग कप घेऊन बस जरा. मला एक विचारायचंय… भाजीचं नंतर सांग. आधी हे सांग, मी तुला रिहर्सलचा व्हिडिओ पाठवला होता ना, तो तू पुढे कुणाला पाठवलास?

सकीनाचा. दुसरा कुठला?… कुणालाच नाही?… प्रतापभावोजींनी बघितला, ते ठीक आहे, ते घरचे. आणखी?… 'बहुतेक नाही' म्हणजे काय, ताई? एक तर पाठवलेला असतो किंवा नसतो.

बरं, चिडू नकोस… मी नाही चिडले. ऐक, मी पहिल्यापासून सांगते, आणि मग हाच प्रश्न परत विचारणार आहे.

आतिया आठवते का?… अगं, अंबरीषच्या लॅबमधली, लाहोरची. जिने आमच्या अस्मिताला स्वेटर विणून दिला… हां, तीच. सकीना तिची थोरली बहीण. गेली अकरा-बारा वर्षं इथे तिच्याकडेच राहते… हो, बेंतो फॅक्टरीत. पहाटे सायकलवरून जाते, डब्यांत भात भरते, दुपारी घरी. आमच्याच सोसायटीत, तीन बिल्डिंगा सोडून. इतकी वर्षं कचऱ्याच्या दिवशी जाळीपाशी भेटायची, मान लवायची, एक शब्द नाही. तोंडावर कायम मास्क. मला वाटायचं, मुकीच आहे.

आता वॉर्डाच्या मेळ्यात आम्ही बायकांनी पंधरा मिनिटांचं नाटक करायचं ठरवलं. तर आतिया सहज बोलून गेली की माझी आपा लाहोरला टीव्हीवर कामं करायची, तिलाच नाटक बसवायला सांगा. आली. मास्क काढला. आणि मी तुला त्याच दिवशी फोन केला की ताई, हिला मी कुठेतरी बघितलंय.

हो, लाहोरची नटी आणि तिचं वर्णन एवढ्यावरून ओळखलंस तूच. मी कुठे नाही म्हणतेय. तहमीना वारसी. ती मालिका, जिच्यात विधवा सून सासऱ्याला कोर्टात उभं करते… तीनदा बघितलीस, माहितीये. भावोजी किल्ली विसरले की तू त्यांना अजून ऐकवतेस, 'चाबी मेरे पास है, जज साहब. घर इनके पास है.'… हो, तसंच म्हणतेस. अगदी तसंच.

आणि मग आपल्याला संशय आला… आपल्याला, ताई. दोघींना. मला आधी आला, मान्य. कारण चेहरा तोच, नाक तेच, पण आवाज? हिचा आवाज म्हणजे कागद चुरगाळल्यासारखा. वाक्याच्या शेवटी तर नुसती हवा. आणि मालिकेतली ती बाई बोलायला लागली की तू गॅस बंद करून यायचीस.

मग मी एकेक मोजायला लागले. फोटोत कधीच येत नाही. नाव तहमीना नाही सांगत, सकीना सांगते. लाहोरच्या स्टुडिओचं विचारलं तर विषय बदलते. मी म्हटलं, तुमची शेवटची मालिका माझ्या बहिणीला पाठ आहे, तर ही हसली नाही की काही नाही, खाली बसून बुटाची लेस बांधत राहिली. इथल्या कौमुदीला मी म्हटलं, बहिणीचं तोंड त्या नटीसारखं दिसतं म्हणून आतियाने थाप मारली असणार. कौमुदी म्हणाली, मला केव्हाचंच वाटत होतं.

आणि तू काय म्हणालीस आठवतंय? 'तिला तो कोर्टाचा सीन म्हणायला सांग. खरी असेल तर म्हणेल.'… म्हणालीस. मेसेज आहे माझ्याकडे.

मग मी ते केलं. त्या रविवारी, हॉलमध्ये, सगळ्या जणी होत्या, पोरं होती. मी फोन स्पीकरला लावला, सीन सुरू केला, आणि दुसऱ्या फोनवर व्हिडिओ घेत होते. म्हटलं, आपा, एकदा म्हणून दाखवा ना. तिने पूर्ण ऐकलं. मध्ये थांबवलं नाही. संपल्यावर म्हणाली, 'ये मैंने नहीं कहा था.'

हो, एवढंच. मी नाही म्हटलं हे… कौमुदी हसली. मग एक-दोघी. ती दाराशी गेली, शूज घातले, सायकल काढली. मी तुला व्हिडिओ पाठवला आणि खाली लिहिलं, पकडली. मला किती हुशार वाटत होतं तेव्हा.

आता पुढचं ऐक… नाही, तुला माहीत नाहीये, हे परवाचं आहे. गुरुवारी अंबरीष घरी आला, जेवला नाही. म्हणाला, आतिया-सान लॅबमध्ये माझ्याशी बोलत नाही. तिने त्याच्यासमोर नुसता फोन ठेवला. उर्दू मालिकांच्या चाहत्यांचं कुठलंसं पान, त्यावर तोच व्हिडिओ. वर लिहिलंय, 'जापान में नकली हीरोइन पकड़ी गई.'

बोलू दे मला… ताई, थांब. कोपऱ्यात अस्मिताचं लाल दप्तर दिसतंय. म्हणजे व्हिडिओ माझाच आहे. कौमुदीने काढलेला नाही, आणि मी तो जगात एकाच माणसाला पाठवला होता.

बरं, सायबर हॅकिंग झालं असेल. ठीक आहे. आपण येऊ त्यावर.

मी काल गेले तिच्याकडे… भीती वाटली ना, नाही कशी. वाटेत कोनबिनीच्या दुकानात शिरले, काय न्यावं कळेना, संत्री घेतली. दार तिनेच उघडलं. मला वाटलं होतं तोंडावर लावेल. तिने घरात घालायची चप्पल माझ्यापुढे केली. चहा टाकला. आणि मग त्यांनी सगळं सांगितलं… हो, 'त्यांनी'. आता मला 'ती' म्हणवत नाही.

खऱ्याच आहेत त्या. तहमीना हे चॅनेलने दिलेलं नाव. घरातलं नाव सकीना. वडील रेल्वेत पार्सल ऑफिसात. नऊ वर्षांच्या असल्यापासून रेडिओवर, मुलांच्या कार्यक्रमात. एक म्हातारे मास्तर होते, ते समोर मेणबत्ती लावून बसवायचे, 'ख़' म्हणताना ज्योत हलली तर परत. सतराव्या वर्षी टीव्हीवर पहिलं काम. धाकटी बहीण, चहाचा ट्रे आणायचा आणि दोन वाक्यं. पुढे दहा वर्षांत अठरा मालिका. बाजारात ओढणीने तोंड झाकून गेल्या तरी रिक्षावाले आवाजावरून ओळखायचे… तेच तर, ताई. आवाजावरूनच.

मग गळ्यात गाठ निघाली. थायरॉइड. ऑपरेशन झालं, गाठ गेली, जीव वाचला, पण आवाजाची नस दुखावली. आणि ही तुझी कोर्टाची मालिका तेव्हाच सुरू होणार होती. सेट उभा, जाहिराती लागलेल्या. चॅनेलवाले म्हणाले, तुम्ही फक्त ओठ हलवा, अभिनय करा. आवाज दुसरीचा घालू. रेडिओवरच्या एक बाई आणल्या. दोघींकडून लिहून घेतलं, हे कुठेही बोलायचं नाही… हो. आख्खी मालिका. तू तीनदा बघितलीस ती.

म्हणून त्या म्हणाल्या, हे मी म्हटलेलं नाही. खरं तेच सांगत होत्या, आणि मी ते पुरावा म्हणून रेकॉर्ड करत होते.

आहेस ना?… काय?… 'कशावरून' म्हणजे?

बघ, मलाही हेच वाटलं. तिथे बसूनसुद्धा. घशावरचा व्रण दिसत होता मला आणि मी मनात म्हणत होते, व्रण काय कुणालाही असतो. इतकी वाईट सवय लागली होती. मग घरी येऊन मी त्यांची आधीची एक मालिका लावली, ऑपरेशनच्या आधीची. आवाज वेगळा आहे, ताई. बारीक आहे, किंचित नाकातला. आपल्याला वाटलं होतं वयाने भारदस्त झाला. तूही लाव.

आणि एवढं चांगलं चाललेलं सोडलं का, असंच ना? मीही विचारलं. बक्षीस मिळालं त्या मालिकेला. त्या स्टेजवर गेल्या, हात जोडले, एक शब्द न बोलता खाली उतरल्या, आणि पेपरात आलं, किती विनम्र. तेही सोसलं म्हणाल्या. पण घरी त्यांची आई. शूटिंगमुळे घसा बसलाय असंच तिला सांगितलेलं, ऑपरेशन साधं होतं म्हणून. आई रोज रात्री आठला टीव्हीसमोर बसायची. शेवटचा भाग झाला तेव्हा तिने यांचा हात धरला आणि म्हणाली, 'बेटा, यावेळी तुझा आवाज पहिल्यांदा काळजातून आला.'

आईला कळलं नाही, ताई. जन्म दिलेल्या बाईला.

त्या म्हणाल्या, त्या दिवसानंतर मला माझ्याच घरात बोलायची लाज वाटायला लागली. आई गेली तोवर थांबल्या. कधीच सांगितलं नाही तिला. मग आतियाला मूल झालं, तिला मदतीला कुणी नव्हतं, त्या इथे आल्या. फॅक्टरीत सगळ्यांनाच मास्क, मशीनच्या आवाजात कुणीच बोलत नाही. म्हणाल्या, पहिल्यांदा मला झोप लागली.

मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली. त्यातून माफ केलं की नाही, मला कळलं नाही. बोलून बोलून शेवटी आवाज पार गेला तेव्हा कॅलेंडरच्या मागे लिहून दाखवलं, व्हिडिओ काढून टाका. स्वतःसाठी नाही, असंही लिहिलं. ती आवाजवाली बाई अजून लाहोरलाच काम करते. लोक खोदायला लागले तर तिची रोजीरोटी जाईल.

म्हणून आता परत विचारते. कुठे टाकलास?

ताई, त्या पानावर टाकणाऱ्याचं नाव 'श्रावणसर' आहे. प्रोफाइलला एक कुंडी आहे. निळी, काठाला टवका उडालेली, कढीलिंबाची. ती कुंडी मी तुला तुळशीबागेतून आणून दिली होती आणि टवका भावोजींनी उडवला… हॅलो?… ताई, तू तोंडावर हात ठेवू नकोस, मला ऐकू येत नाही.

हं… हं… माहितीये. मलाही वाटलं नव्हतं एवढं पसरेल… नाही, एकट्या तुझा दोष नाही. 'पकडली' मीच लिहिलं होतं. रडू नकोस. डोळे पूस आणि ते पान उघड. मी लाइनवर आहे.

उघडलं?… किती?… एकेचाळीस हजार जणांनी?… मी पहिल्या दहा कॉमेंट वाचल्या आणि बंद केलं. शिव्याच होत्या. वाचू नकोस, सरळ डिलीट कर… काय झालं?… कुठली?… सगळ्यात वरती? मी बघितलं तेव्हा तसली काही नव्हती. कधीची आहे?… आज पहाटेची. कुणाची?… नाहीद अन्सार. नाही, मला माहीत नाही हे नाव. वाच. सावकाश वाच, रोमनमध्ये असेल तर अडखळत वाच, चालेल.

'ही बाई नकली नाही.' हं… 'कोर्टातला तो आवाज माझा होता.'

थांब. परत वाच… स्वतःच्या नावाने लिहिलंय? फोटोसकट?… ताई, त्यांनी लिहून दिलं होतं गं, कधी बोलणार नाही म्हणून… पुढे. पुढे काय आहे?

'अकरा महिने मी काचेआड बसून यांच्या ओठांकडे बघत होते. या जिथे श्वास घ्यायच्या, तिथे मला घ्यावा लागायचा. या व्हिडिओत त्या गप्प उभ्या आहेत. पण श्वास मी ओळखते. हसणाऱ्यांनो, त्यांना…' हं, वाच ना… 'त्यांना खुर्ची द्यायची होती.'

हो… हो, आहे मी.

नाही, डिलीट करायचाच. त्यांनी काढा म्हणून सांगितलंय, आपण परत आपलं डोकं चालवायचं नाही. पण आधी त्या कॉमेंटचा स्क्रीनशॉट काढ. पूर्ण. नाव दिसलं पाहिजे. मला पाठव… आला. हं, आला. आता कर डिलीट.

झालं?… मला त्या पानाचा फोटो पाठव… विश्वास आहे गं तुझ्यावर. तरी पाठव.

हं. गेलाय.

नाही, नाहीदबाईंना तू काही लिहू नकोस. सॉरीसुद्धा नाही. तू आता कुणालाच काही लिहू नकोस, तो हक्क सकीनाआपांचा आहे. त्यांना वाटलं तर त्या लिहितील.

आत्ताच जाते. शनिवारी सुट्टी असते त्यांना… फॉरवर्ड नाही करणार. फोन त्यांच्या हातात देईन आणि बसून राहीन. काही म्हणाल्या तर ऐकेन.

नाही, तुला नाही सांगणार काय म्हणाल्या ते… नाही, ताई. ठेवते.